पुतळा पडला, व्हय म्हाराजा!

दोस्तांनो, भावना नंतर दुखवून घेऊ. आधी हिशोब.

सिंधुदुर्ग किल्ला. 1664 साली मालवणसमोर भर समुद्रात कुरटे बेटावर काम सुरू झालं. पायात शिसं ओतलं, चुन्यात दगड बसवला. साडेतीनशे पावसाळे, इंग्रज, शेवटी टुरिस्ट, सगळं पचवून किल्ला उभा आहे.

समोर किनाऱ्यावर राजकोट. तिथं 4 डिसेंबर 2023 ला, नौदल दिनी, पंतप्रधानांनी शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचं अनावरण केलं. 26 ऑगस्ट 2024 ला पुतळा कोसळला. आठ महिने बावीस दिवस. आमच्या चाळीतला सेकंडहँड पंखा याहून जास्त टिकतो, आणि त्याचं उद्घाटन करायला कुणी हेलिकॉप्टरने येत नाही.

सरकार म्हणालं, वारा होता. ताशी 45 किलोमीटर. वा रे वारा! एवढ्या वाऱ्यात मालवणातली म्हातारी छत्रीसुद्धा मिटत नाही. माड उभे, कौलं जाग्यावर, किल्ला जाग्यावर. वाऱ्याने नेमका सरकारी माल ओळखला.

बरं, नट-बोल्ट गंजलेत असं पत्र बांधकाम खात्याने नौदलाला 20 ऑगस्टलाच लिहिलं होतं. म्हंजे गंज कागदाला ठाऊक होता. पण कागद आपल्या चालीने चालला आणि पुतळा त्याच्या आधी जमिनीवर पोचला.

हे नवं नाही. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. इंजिनियर खात्यातली लबाडी त्यांनी आतून पाहिली आणि दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. 1869 साली शिवाजीराजांचा पवाडा लिहिणारे जोतीरावच. राजावर प्रेम करायचं आणि बिलावर नजर ठेवायची, दोन्ही एकाच माणसाने केलं. आजचे मावळे घोषणा देतात, बिल मागत नाहीत.

पुतळा पडल्यावर दोन दिवसांनी, 28 ऑगस्टला, राजकोटवर दोन बाजूंचे पुढारी समोरासमोर आले. ढकलाढकली, दगड, शिव्या. दोस्तांनो, हे नाटक आम्ही पाहिलेलं आहे. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं 'वस्त्रहरण' 1980 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात गाव महाभारत उभं करायला जातं आणि सगळा बट्ट्याबोळ होतो. फरक एवढाच, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच लोकांना हसवायचा. हे सरपंच गंभीर चेहरा करून विनोद करतात.

मग 30 ऑगस्टला पालघरात पंतप्रधानांनी महाराजांची माफी मागितली. छान. पण त्याच दिवशी, त्याच दौऱ्यात, वाढवण बंदराचं भूमिपूजनही केलं. तेच बंदर, ज्याच्या विरोधात तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं गळा फाडून ओरडतायत. राजाचं आरमार ज्या किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांनी वल्हवलं, त्यांच्या पोरांना माफी नाही, नोटीस. दगडाच्या, धातूच्या माणसाला नमस्कार, हाडामासाच्या माणसाला पोलीस बंदोबस्त. सगळ्या पुतळ्यांचं राजकारण या एका ओळीत बसतं.

पुढे 11 मे 2025 ला त्याच जागी नव्या पुतळ्याचं पूजन झालं. आता 60 फूट. पाय घसरला की माणूस जपून चालतो. सरकार घसरलं की उंच टाचेचा बूट घालतं.

हसताय? थांबा. आपल्याही घरात डोकावू. इंदू मिलमध्ये बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन ऑक्टोबर 2015 मध्ये झालं. दहा वर्षं उलटली तरी काम संपलं नव्हतं. आणि आपण काय मोजतो? फूट. त्यांचा किती, आपला किती! बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई कायदेमंडळात खोती बंद करायचं बिल मांडलं. कोकणातल्या कुळाच्या पायाखालची जमीन त्याची व्हावी म्हणून. त्या माणसाला आपण उंची विचारतो, जमीन विचारत नाही. साला, खोत मनातल्या मनात किती हसत असेल!

'येवा, कोकण आपलाच असा' अशी पाटी टुरिस्टाला दिसते. आपलाच म्हंजे नक्की कोणाचा? डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने ठरवलं, वस्त्यांची जातीची नावं काढायची, समतानगर, भीमनगर ठेवायची. ठेवा की! पण पाटी बदलली म्हणून वाडी गावाच्या टोकावरून मधे आली नाही. रंगाचा डबा लागला, बाकी काय लागलं?

गावऱ्हाटीत आमच्या पणज्यांनाही मान होता म्हणे. कसला मान? मेलेलं ढोर ओढायचा, वर्दी पोचवायचा, देवळाबाहेर उभं राहायचा. 1956 नंतर आमच्या आज्यांनी तो मान गावाच्या तोंडावर परत फेकला. जत्रेत गाऱ्हाणं घालणारा घालतो आणि गाव ओरडतं, व्हय म्हाराजा! नीट ऐका तो शब्द. म्हार आणि राजा, दोघे एका शब्दात. गाव पिढ्यान्पिढ्या हाक मारतंय, आत मात्र घेतलं नाही.

आम्ही देव मानत नाही. पण गाऱ्हाणं फक्कड असतं, ते कशाला सोडायचं? हे गाऱ्हाणं देवाला नाही, वाचणाऱ्या पोरा-पोरींनो, तुम्हाला. तुम्हीच म्हाराजा.

जेणा कोणी बोल्टात पैसे खाल्ले असतीत, तेका ते पचाक देव नकात!
व्हय म्हाराजा!

जो कोण वाऱ्याच्या नावान हात झटकता, तेच्या घराची कौला पयल्या पावसात उडांदेत!
व्हय म्हाराजा!

आणि जो कोण पुतळ्याची उंची मोजता नि वाडीतली विहीर इसारता, तो आपलो असलो तरी तेका पयलो जाब इचारा!

आता ओरडा. या वेळी देवळाबाहेरून नाही. ग्रामसभेत, पहिल्या रांगेत बसून, हातात बिल घेऊन.