टाइल्सवर दोन तास भांडलात, डीबीवर दोन मिनिटं तरी बोला!

मंडळी, मीरा रोड-भाईंदरमध्ये सध्या ज्या सोसायटीत जाल तिथे रिडेव्हलपमेंटचीच चर्चा. कार्पेट किती वाढवून, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ. भांडणं होतात, व्हायलाच हवीत. पण "घरात किती सर्किटांचा डीबी देणार?" हे विचारायला सभेत कुणी उठत नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकात "कन्सील्ड कॉपर वायरिंग" एवढे तीन शब्द असतात आणि आपण माना डोलावतो.

शांतीनगर, नवघर रोड, भाईंदर पश्चिमेच्या जुन्या बिल्डिंगा बघा. त्या बांधल्या तेव्हा वन बीएचकेत ट्यूबलाइट, पंखे, फ्रीज, टीव्ही आणि इस्त्री. आज त्याच भिंतींतल्या वायरीवर काय काय लटकवलंय?

सकाळचे साडेसात धरा. इन्स्टंट गीझर ३ किलोवॅट, इंडक्शन २, गरम पाण्यावर लावलेलं वॉशिंग मशीन २, फ्रीज-पंखे-दिवे मिळून अर्धा. झाले साडेसात किलोवॅट. २३० व्होल्टने भागा, जवळपास ३३ अँपिअर. काही काका म्हणतील, सगळं एकदम कुठे चालतं? बरोबर, म्हणूनच यात दोन एसी धरलेच नाहीत. ते धरले असते तर आणखी तीन-सव्वातीन किलोवॅट.

मग एमसीबी पडतो. आणि आपण काय करतो? नाक्यावरून माणूस बोलावतो, "दादा, सारखं पडतंय, जरा मोठा टाका ना." १६ चा निघतो, ३२ चा बसतो. प्रश्न मिटला म्हणे! मिटला कसला, भिंतीत गेला. एमसीबी तुमच्या एसीसाठी नसतो हो, वायरीसाठी असतो. प्रमाणानुसार त्याच्या आकड्याच्या १.४५ पट करंटलाही पडायला त्याला तासभर लागू शकतो. म्हणजे ३२ चा एमसीबी ४६ अँपिअर तासभर जाऊ देईल, तेही २.५ चौरस मिलिमीटरच्या जुन्या वायरीतून. आत इन्सुलेशन भाजत असतं, बाहेर आपण खूश, की आता लाइट जात नाही.

दुसरी खुळी समजूत, मेन ६३ चा टाकला की घर सेफ. मीटररूमपासून येणारी केबल आणि मंजूर लोड तेवढं नसेल तर त्या ६३ चा उपयोग शून्य, धोका मात्र वाढला. मोठ्या आकड्यापेक्षा वेगळी सर्किटं मोजा. वन बीएचकेला दोन एसींची दोन, गीझरचं एक, किचनची दोन, वॉशिंग मशीनचं एक, दिवे-पंख्यांची दोन. आठ झाली. मेन आणि आरसीसीबीची जागा धरा, तीन-चार जागा रिकाम्या ठेवा, म्हणजे १६ चा डबा. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा, आणि यात तडजोड नाही. माणसाला शॉक बसतो तेव्हा अंगातून जाणारा करंट एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. अर्थिंग कागदावर नको, मोजून दाखवा म्हणावं.

लाइट गेली की अदानी-टाटांच्या नावाने पोस्ट टाकणारे आपण, मीटरच्या पुढची वायरिंग कुणाची ते सोयीने विसरतो. ती आपली. लोड वाढवायचं तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून रीतसर अर्ज करा. कमिटी कधीकधी अडवते, "मीटररूमची केबल झेपणार नाही" म्हणून. शिव्या घालण्याआधी तपासा, बऱ्याचदा ते खरं असतं. एका फ्लॅटपुरतं ते सुटत नाही, अख्ख्या बिल्डिंगचं करावं लागतं.

म्हणूनच करारावर सही व्हायच्या आधीची वेळ महत्त्वाची. बिल्डर म्हणेल खर्च वाढतो. लॉबीतल्या इटालियन मार्बलला वाढत नाही का? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिथे तीन गोष्टी लेखी मागा : प्रत्येक फ्लॅटचं मंजूर लोड किती, डीबीत सर्किटं किती आणि कुठल्या जाडीच्या वायरीवर, पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंगची केबल आधीच ओढणार की नाही. उत्तर "नंतर बघू" आलं तर ते इतिवृत्तात लिहून घ्या, नावासकट.