सिनिऑरिटी की मेरिट?

'सिनिऑरिटी' म्हटलं की आपल्याला सरकारी ऑफिस आठवतं. पण अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्समध्ये पायलटचं अख्खं करिअर सिनिऑरिटी नंबरवर चालतं. विमान कुठलं, सुट्टी कधी, को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, सगळं त्यावरच. कपात आली की शेवटी आलेला आधी घरी. बोलावणं आलं की घरी बसलेल्यांतला सिनियर आधी परत. कंपनी बदलली, तर पुन्हा तळापासून सुरुवात!

हे जाचक आहेच. 11 सप्टेंबर 2001 नंतर हजारो पायलट घरी बसले. डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचं वय 60 वरून 65 झालं, वरच्या खुर्च्या रिकाम्या होईनात आणि खालच्यांचं कॅप्टनपद लांबलं. 2020 मध्ये कोविडमुळे उलटंच झालं. कंपन्यांनी कित्येक सिनियर्सना लवकर निवृत्ती दिली, आणि प्रवासी परतल्यावर पायलट कमी पडले.

मग मेरिटवर प्रमोशन द्यावं का? मला नाही वाटत. कॅप्टन होताना ट्रेनिंग आणि परीक्षा आहेतच. नापास झाला तर नंबर असूनही खुर्ची नाही. त्यापुढचं 'मेरिट' मोजणार कोण? कंपनीच ना! मग हवा खराब म्हणून विमान थांबवणारा कॅप्टन 'कामचुकार' ठरायला कितीसा वेळ लागणार? नंबर साहेबाच्या हातात नाही, म्हणूनच तो बिनधास्त 'नाही' म्हणू शकतो.

रांगेत खोळंबणं वाईटच. पण मागे बसलेल्या दीडशे जिवांसाठी ती किंमत मला मान्य आहे. पॉइंटरवर भांडणाऱ्या मेसमधल्या मंडळींनो, तुम्हाला काय वाटतं?