आठ भयांची यादी

यंदाचा अंक करुणेच्या मूर्तींवर काढायचं ठरलं, तेव्हा मुखपृष्ठासाठी सगळ्यांनी एकमुखानं अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सुचवला. हातात कमळ, किंचित कललेली मान, खाली झुकलेली नजर. त्याच्या सौंदर्याबद्दल वाद घालण्याचं धाडस आमच्यात नाही. पण कॅलेंडरांवर आणि पर्यटनाच्या पत्रकांवर तो इतका छापला गेलाय, की करुणा म्हणजे एक सुंदर, उदास चेहरा, एवढंच आपल्या मनात उरलंय. म्हणून मुखपृष्ठावर औरंगाबाद लेण्यांतला त्याचाच कमी मिरवलेला अवतार घेतला आहे.

बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या सातव्या लेण्याच्या दाराशी, डाव्या अंगाला हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे. दोन्ही बाजूंना चार-चार छोटे प्रसंग : आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, फुटणारं जहाज, पलीकडे सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक प्रसंगात वीतभर माणसं, हात जोडलेली. मधल्या भव्य मूर्तीपेक्षा आम्हाला ती माणसंच बघावीशी वाटतात. शिल्पकारानं 'दुःख' असं मोघम काही कोरलेलं नाही. कोणाला नेमकं कशाचं भय आहे, ते एकेक करून मांडलं आहे.

ही भयं पोथीतली असली, तरी इथल्या लोकांना ती परकी नव्हती. दख्खनचे व्यापारी घाट उतरून कल्याण-सोपाऱ्याला माल नेत. वाटेत चोर, जनावरं, वणवे आणि पुढे समुद्र. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेहून परतणाऱ्या फाहियान या चिनी भिक्षूचं जहाज वादळात गळू लागलं. मागं बांधलेल्या होडीतल्या लोकांनी गर्दीच्या धास्तीनं दोरच कापला. व्यापारी माल समुद्रात फेकू लागले. फाहियाननं आपली घागर टाकली. ग्रंथ आणि मूर्तीही हे लोक फेकतील या भीतीनं त्यानं अवलोकितेश्वराचा धावा केला. दोर कापणारे आणि धावा करणारा, दोघंही एकाच वादळात सापडले होते, हे आम्हाला विसरता येत नाही.

संकटं वाढली, तशी मूर्तीही वाढत गेली. कान्हेरीच्या एकेचाळिसाव्या लेण्यात अवलोकितेश्वराला अकरा मस्तकं आहेत. चीनमध्ये तो ग्वानयिन ही देवी झाला. जपानात क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिरात त्याच्या सहस्रहस्त रूपाच्या 1001 मूर्ती आहेत.

महाराष्ट्रात हे सगळं निर्धास्तपणे लिहिता येत नाही, आणि येऊही नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी बजावलं आहे, की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. धावा ऐकून धावणारा बोधिसत्त्व त्यात बसत नाही. नागपुरात 1956 साली धम्म स्वीकारलेल्यांनी हात जोडून सुटका मागितली नव्हती, ती स्वतः करून घेतली होती. त्यांची बाजू आम्हाला जास्त पटते. तरीही वेरूळच्या, कान्हेरीच्या भिंतींवर ही आठ भयं पुन्हा पुन्हा का कोरावीशी वाटली, हा प्रश्न सुटत नाही. अंकातले दोन लेख एकमेकांशी उघड भांडतात ते यावरूनच. आम्ही मुद्दामच ते शेजारी-शेजारी छापले आहेत. आधी कोणता वाचायचा, ते तुम्ही ठरवा.