‘अनलिमिटेड’ला मर्यादा असेल, तर ती किमतीशेजारी छापा

‘अनलिमिटेड’ हा शब्द वाचून पैसे भरायचे आणि महिना संपायच्या आत वेग का मंदावला म्हणून कस्टमर केअरला फोन लावायचा, हा अनुभव आता घरोघरचा आहे. मोबाइल पॅक घ्या, ब्रॉडबँड घ्या किंवा व्हीपीएन घ्या. जाहिरात एक बोलते आणि अटी दुसरेच बोलतात. हे आपण किती दिवस मुकाट्याने सोसणार? माझे म्हणणे मुद्द्यांत मांडतो.

1. मर्यादा घालणे हा गुन्हा नाही. केबल, टॉवर, सर्व्हर यांची क्षमता ठरलेली असते आणि ती अनेक ग्राहकांत वाटली जाते. आपल्याकडे काही ‘अनलिमिटेड’ ब्रॉडबँड योजनांना महिन्याला 3300 जीबीची मर्यादा राहिली आहे. बहुतेक कुटुंबे तिच्या जवळपासही पोहोचत नाहीत. मग हा आकडा किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापायला अडचण कसली? आकडा छापला की ग्राहक दोन कंपन्यांची तुलना करतो. ‘अनलिमिटेड’ छापले की तुलनेला जागाच उरत नाही. आपल्याला तुलना करू न देणे, हाच या शब्दाचा उपयोग आहे.

2. ‘सेवा बंद करत नाही, फक्त वेग कमी करतो,’ हा बचाव पोकळ आहे. अनेक मोबाइल पॅकमध्ये रोजचा कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो. या वेगाने एक जीबीची फाइल उतरवायला सुमारे 35 तास लागतात. भारतात 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान 2 एमबीपीएस वेग लागतो. 64 केबीपीएस हा त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढाही होत नाही. ऑनलाइन वर्गाला बसलेल्या मुलीने किंवा ग्राहकाला लग्नाचे व्हिडिओ पाठवणाऱ्या छायाचित्रकाराने याला चालू सेवा म्हणायचे का? नावापुरती चालू असलेली सेवा ही बंद सेवाच आहे.

3. ‘थोडे लोक बेसुमार वापर करतात आणि इतरांना त्रास होतो,’ असे कंपन्या सांगतात. हे कारण खरे असेल, तर गर्दीच्या वेळी सगळ्यांचा वेग थोडा थोडा आवरावा. पण कोटा ओलांडलेल्या ग्राहकाचा वेग पहाटे तीन वाजता, नेटवर्क मोकळे असतानाही, दाबलेलाच राहतो. त्या वेळी तो कोणाचा वाटा हिरावून घेत असतो? शिवाय जो विकलेली वस्तू पूर्ण वापरतो, त्याला गैरवापर करणारा ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला? वचन कंपनीने दिले आहे, तेव्हा ते पाळण्याचा खर्चही तिचाच आहे.

4. व्हीपीएनची गोष्ट याहून गंभीर आहे. व्हीपीएन चालू असताना आपली सगळी इंटरनेट वाहतूक ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून जाते. मोठे बॅकअप, ऑफिसच्या फाइली, व्हिडिओ कॉल, सारे काही. जाहिरातीत ‘अमर्याद डेटा’ आणि अटींच्या पानावर ‘अवाजवी वापर आढळल्यास खाते मर्यादित करू’ असे लिहिलेले असते. अवाजवी म्हणजे किती जीबी? आकडाच नसेल तर ग्राहकाने जपून तरी कसे वापरावे? आणि वर्षा-दोन वर्षांचे पैसे आधीच भरलेले असतात. न सांगितलेली मर्यादा म्हणजे मर्यादा नव्हे, ती कंपनीची मर्जी आहे.

5. कायदा नाही, ही सबब चालणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायने 2016 मध्येच ब्रॉडबँड कंपन्यांना डेटाची मर्यादा, तिच्या आधीचा आणि नंतरचा वेग जाहिरातीत उघड करायला सांगितले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतल्या खुलाशाने महत्त्वाची माहिती लपवता येत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी, असा आदेश सरकारने 2022 मध्ये काढलाच ना? ग्राहकाची माहिती मागता येते, तर ग्राहकाला माहिती द्या असेही सांगता येते. उणीव कायद्याची नाही, इच्छेची आहे.

6. इच्छा असली की काय होते, ते अमेरिकेत दिसले. एटी अँड टी कंपनी ‘अनलिमिटेड’ योजनेच्या ग्राहकांचा वेग दाबते, कधी महिन्याला अवघे 2 जीबी वापरल्यावरच, असा आरोप करून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2014 मध्ये दावा लावला. आयोगाच्या म्हणण्यानुसार 35 लाखांहून अधिक ग्राहकांना याची झळ बसली होती. 2019 मध्ये कंपनीने 6 कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि वेगावरची बंधने बारीक अक्षरांत न दडवता ठळकपणे सांगण्याचे बंधन तिच्यावर आले. बलाढ्य कंपनीही नियामक ठाम राहिला की नमते.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या योजनेला डेटाची किंवा वेगाची कोणतीही मर्यादा आहे, तिच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ हा शब्द वापरायला बंदी घाला. मर्यादा आणि त्यानंतरचा वेग किमतीशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावा. वेग दाबण्याआधी ग्राहकाला कळवा, आणि आगाऊ पैसे भरलेल्याला उरलेले पैसे परत घेऊन बाहेर पडू द्या.

नागरिकहो, आपलीही जबाबदारी आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, वेग मोजून त्याची नोंद ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकट्याच्या तक्रारीला कंपनी उत्तर देण्याचे टाळेल; हजारो लेखी तक्रारी साचल्या, तर प्राधिकरणाला दखल घ्यावीच लागेल.