वेगळी वस्ती

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागली की नागपुरात वाचनाचा हंगाम सुरू होतो. मागोमाग दिवाळी अंक येतात. यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘वेगळी वस्ती’.

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘अपार्थाइड’ला मराठी वर्तमानपत्रे ‘वर्णद्वेष’ म्हणत आली. मूळ आफ्रिकान्स शब्दात द्वेषाचा उल्लेखही नाही. त्याचा अर्थ नुसता ‘वेगळेपण’. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि हा साळसूद शब्द राज्याचे धोरण झाला. कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहायचे, हे १९५० पासून कायदा ठरवू लागला.

मराठी गावाला असा कायदा लागलाच नाही. महारवाडा, मांगवाडा असा पत्ता सांगितला की जात कळायची. ही नावे पुसून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

पण वेगळ्या वस्तीची मागणी खुद्द गावकुसाबाहेरच्यांनीच केली होती, आणि तीही नागपुरात. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली ती याच परिषदेत. तिथल्या एका ठरावाने अस्पृश्यांसाठी सवर्णांच्या गावांपासून दूर, स्वतंत्र गावे मागितली. त्यासाठी सरकारी पडीक जमीन द्यावी, असे सुचवले. त्यामागचा हिशेब रोकडा होता. गावात संख्या थोडी, हाती जमीन नाही, पोट गावावर अवलंबून. पाणवठ्याचा हक्क मागावा, तर दुसऱ्या दिवशी काम आणि वाण्याचे दुकान दोन्ही बंद. वाडा गावाने लादला होता. हे गाव ते स्वतःसाठी मागत होते.

वस्तीसारखाच शब्दाचा वादही नागपूरला भेटला, तो २०१८ मध्ये. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे ‘दलित’ या शब्दाविरुद्ध याचिका होती. खंडपीठाच्या निर्देशानंतर केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वृत्तवाहिन्यांना ‘अनुसूचित जाती’ हा घटनात्मक शब्द वापरण्याची सूचना केली. त्यावर अनेक लेखक-कार्यकर्ते संतापले. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ काढली, तेव्हा हा शब्द त्यांनी स्वतः निवडला होता. तर धर्मांतरानंतर स्वतःला फक्त ‘बौद्ध’ म्हणवणाऱ्यांना तो आधीपासूनच नकोसा होता.

म्हणून या अंकात संपादकांनी कुणाचाही शब्द बदललेला नाही. ‘दलित’, ‘बौद्ध’, ‘अनुसूचित जाती’, ज्याने जो लिहिला तो तसाच छापला आहे. वाचकांनी आपली पसंती आणि तिचे कारण पत्राने कळवावे.