रुपया घसरला, पण सोयाबीन चढले नाही

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी पहिल्यांदाच ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले. मराठवाड्यातल्या भोकरच्या सोयाबीन उत्पादकाला याचा फायदा व्हायला हवा होता. मराठवाड्यातल्या मोंढ्यांत मात्र त्या हंगामात सोयाबीन बहुतांशी क्विंटलला ५,३२८ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले, तेही अतिवृष्टीने पीक झोडपल्यानंतर.

क्विंटलभर सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल निघते; बाकी जवळपास सगळी पेंड. पेंडीचा काही भाग निर्यात होतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये येतात. तेलाची स्पर्धा असते अर्जेंटिना, ब्राझीलहून येणाऱ्या सोयातेलाशी आणि इंडोनेशिया, मलेशियाच्या पामतेलाशी. रुपया पडला की हे आयात तेल महागते. म्हणजे पेंड आणि तेल, दोन्हीकडून भावाला आधार मिळायला हवा.

तो का मिळाला नाही? दक्षिण अमेरिकेची स्वस्त पेंड हे एक कारण. दुसरे दिल्लीत आहे. मे २०२५ च्या अखेरीस केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क २७.५ टक्क्यांवरून १६.५ टक्क्यांवर आणले. टनाला हजार डॉलर भाव धरून हिशेब करू. डॉलर ८५ रुपयांना होता तेव्हा जुन्या शुल्कासह ते तेल १,०८,३७५ रुपयांना पडले असते. डॉलर ९० झाला, तरी नव्या शुल्कासह ते १,०४,८५० रुपयांनाच पडते. रुपयाच्या घसरणीने दिलेले सगळे, आणि वर आणखी थोडे, शुल्ककपातीने काढून घेतले.

खर्चाची बाजू मात्र डॉलरशी बांधलेलीच राहते. डिझेलचे कच्चे तेल, डीएपी खताचा कच्चा माल, दोन्ही बहुतांशी डॉलरमध्येच विकत घ्यावे लागतात.

याच्या उलटही करता येते. अर्जेंटिनाने सप्टेंबर २०२२ मध्ये सोयाबीन निर्यातीला डॉलरमागे २०० पेसोंचा खास दर दिला. सरकारी दर तेव्हा १४० च्या आसपास होता. शेतकऱ्यांनी रोखलेला माल धडाधड बाहेर पडला. विनिमय दराचा लाभ शेतापर्यंत पोहोचवायचा, असे तिथल्या सरकारने ठरवले होते. त्याला डॉलर हवे होते, हेही खरे.

शहरी ग्राहकाला तेल परवडावे, ही चिंता रास्त आहे. पण ती सवलत भोकरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरातून का द्यायची? मोंढ्यातला दर हमीभावाखाली असेल, तर निदान ऑक्टोबर ते डिसेंबर या आवकेच्या महिन्यांत शुल्क पुन्हा २७.५ टक्क्यांवर न्यावे, आणि तो निर्णय पेरणीआधी जाहीर करावा.