गाडीचाही सातबारा हवा

सोलापूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला उंच बांध्याची, सात माणसे सामावून घेणारी गाडी हवीशी वाटते, यात केवळ हौस किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चाललेली चढाओढ पाहणे अन्यायाचे होईल. ज्या शहरापासून तुळजापूर सुमारे ४५, अक्कलकोट ४० आणि पंढरपूर ७५ किलोमीटरांवर आहे, जिथे कुलदैवत एका दिशेला, गुरुस्थान दुसऱ्या दिशेला आणि लेकीचे सासर किंवा सुनेचे माहेर विजयपूर, कलबुर्गी नाहीतर हैदराबादच्या वाटेवर असते, आणि जिथे वैशाखाच्या उन्हात घरातल्या वृद्धांना एस.टी. स्थानकावर तिष्ठत ठेवणे कोणत्याही मुलाला प्रशस्त वाटत नाही, तिथे एकाच गाडीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी बसून जावे ही इच्छा सर्वस्वी स्वाभाविक आहे.

इच्छा स्वाभाविक असली तरी ऐपत मर्यादित असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची जी नवी रचना अमलात आली, तिने चार मीटरांच्या आत बसणाऱ्या, पेट्रोलच्या १२०० आणि डिझेलच्या १५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या गाड्या १८ टक्क्यांच्या वर्गात घातल्या आणि त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर ठेवला. बोलेरो किंवा ट्रायबर यांसारखे अपवाद वगळता सात माणसांच्या ऐसपैस गाड्या या दुसऱ्या वर्गात पडतात. त्यामुळे चार-पाच लाखांच्या पुंजीवर गाडीचे स्वप्न पाहणारा गृहस्थ शोरूमच्या काचेवरून नजर काढून घेतो आणि शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला धुऊन-पुसून ओळीने उभ्या केलेल्या जुन्या स्कॉर्पिओ, इनोव्हा, एर्टिगा यांच्याकडे वळतो. त्याच्या या वळण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या क्षणी त्याच्या अंगचा स्वभावसिद्ध सावधपणा गळून पडतो, त्याला.

हाच गृहस्थ शहरालगत दोन गुंठे जागा घ्यायची म्हटली की तलाठ्याच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवतो, गाव नमुना सात व बारा काढून वाचतो, फेरफाराच्या नोंदी मागे जाऊन तपासतो, इतर हक्कांच्या रकान्यात पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा आहे काय हे दोनदा पाहतो, आणि एवढे झाल्यावरही ओळखीच्या वकिलाला कागद दाखवल्यावाचून विसार देत नाही. वास्तविक जमीन आपल्या जागेवरून हलत नाही, पूर्वी तिच्यावर काय झाले ते बहुधा गावाला ठाऊक असते. गाडी मात्र तीन राज्यांत, चार मालकांच्या हाताखाली आणि दोन अपघातांतून फिरून आलेली असू शकते. ज्या वस्तूच्या पूर्वायुष्याची चौकशी अधिक कसोशीने व्हायला हवी, तिचाच सौदा रंगाची चकाकी, आसनांची नवी आच्छादने आणि मीटरवरचा आकडा पाहून अर्ध्या तासात ठरतो. याचा दोष एकट्या ग्राहकाला देता येत नाही. जमिनीला सातबारा आहे, गाडीला तसा उतारा नाही, आणि तो असावा ही जबाबदारी शासनाची आहे.

गाडीची सरकारदरबारी काहीच नोंद नाही, असे मात्र नव्हे. केंद्राच्या ‘वाहन’ या प्रणालीत क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि धूरतपासणी कधीपर्यंत वैध, कर्जाचा बोजा आहे की नाही, एवढे घरबसल्या कळते; आणि हा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचा वित्तसंस्थेचा दाखला व नमुना ३५ हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पण जे जाणून घेण्याची ग्राहकाला खरी निकड असते ते या नोंदीत सापडत नाही. गाडी प्रत्यक्षात किती चालली, तिचा सांगाडा अपघातात वाकून पुन्हा सरळ केला गेला काय, ती पुराच्या पाण्यात बुडाली होती काय, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेली आहेत. अधिकृत सेवाकेंद्राच्या संगणकात सांगाडा क्रमांकापुढे प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात, विमा कंपनीला दाव्यांचा इतिहास ठाऊक असतो, टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या हिशेबातून तिच्या फेऱ्यांचा अंदाज निघतो. परंतु हे सारे एकत्र वाचण्याचा अधिकार ज्याचे पैसे पणाला लागले आहेत त्याला नाही.

सोलापुरात या अज्ञानाची किंमत विशेष जड आहे, कारण इथल्या बाजारात येणाऱ्या मोठ्या गाड्यांचे पूर्वायुष्य क्वचितच शांत असते. अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर आणि पंढरपूर या फेऱ्यांवर भाड्याने धावलेली गाडी चार-पाच वर्षांत एवढे अंतर कापते की घरगुती गाडीला त्यासाठी दोन दशके लागावीत. पुढे पिवळी पाटी पांढरी होते, मीटर मागे फिरवला जातो, आणि तीच गाडी ‘डॉक्टरांनी वापरलेली’ म्हणून पुढे केली जाते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत, सुकाणूचक्राचा वरचा भाग तुकतुकीत आणि मीटरवर मात्र पन्नास हजार किलोमीटर, अशी विसंगती दिसली तर मीटरपेक्षा रबराच्या साक्षीवर विश्वास ठेवावा.

पुराचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते. अशा पाण्यातून निघालेली गाडी धुऊन वाळवली की दिसायला निर्दोष असते, पण विजेच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा वर्ष-सहा महिन्यांनी आपला हिशेब मागतो. म्हणून सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेषा आहे काय ते पाहावे, पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांच्या बोल्टांवरचा गंज पाहावा. परराज्यातल्या गाडीचे गणित आणखी निराळे असते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ मधल्या आदेशाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. विजयपूर-कलबुर्गीच्या गाड्या तर सीमेपलीकडून रोजच येत असतात. मात्र त्या महाराष्ट्रात नोंदवताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर असा जो खर्च व खटाटोप पडतो, तो मिळवला की स्वस्ताई बहुधा कागदावरच उरते.

अपुऱ्या पुंजीच्या माणसाने गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या पुढच्या खर्चाचा विचार आधी करावा, हे तत्त्व सर्वांना मान्य असते, पण आकडे मांडून पाहण्याचे कष्ट थोडेच घेतात. १ जून २०२२ पासून ठरवलेल्या दरांनुसार १५०० घनसेंटिमीटरच्या वरच्या खासगी मोटारीला अनिवार्य तृतीयपक्ष विम्यापोटी वर्षाला ७,८९७ रुपये मूळ हप्ता पडतो, त्याखालच्या, १००० ते १५०० च्या वर्गात तो ३,४१६ आहे. म्हणजे २१७९ घनसेंटिमीटरची स्कॉर्पिओ आणि १२४८ ची जुनी डिझेल एर्टिगा यांतला फरक पहिल्याच वर्षी विम्याच्या पावतीवर दिसतो, आणि टायर, क्लच, टर्बो यांच्या बिलांवर तो पुन्हा पुन्हा दिसत राहतो. पंधरा वर्षे पूर्ण झालेली गाडी फुकटाच्या भावात मिळते असे वाटते, परंतु तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवण्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आहे. वर पर्यावरण कर आणि योग्यता तपासणीत निघणारी दुरुस्ती येतेच. ज्या कंपन्या इथली विक्री आवरून गेल्या, म्हणजे २०१७ अखेर शेवरोले आणि २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा करणारी फोर्ड, त्यांच्या गाड्या भावात मऊ असतात. मात्र सुटा भाग येईपर्यंत गाडी मिस्त्रीच्या दारात उभी ठेवण्याची तयारी असेल त्यानेच त्यांच्या वाटेला जावे. माझे मत असे की पाच लाख हाती असतील तर चार लाखांचीच गाडी पाहावी, उरलेला लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, आणि मोठी पण थकलेली गाडी घेण्यापेक्षा धाकटी पण कमी वयाची घ्यावी. वर्षातून दोनदा साऱ्या गोतावळ्यासह जायचे असेल त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने आणणे कोणत्याही हिशेबाने स्वस्तच पडते.

भावाविषयीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नव्या गाडीचा भाव करकपातीने उतरला की जुनीचाही उतरायला हवा. पण विकणारा आपली अपेक्षा जुन्या यादीवरून ठरवतो आणि घेणाऱ्यालाही तीच यादी दाखवतो. तेव्हा त्याच वर्गातल्या नव्या गाडीचा आजचा भाव लिहून घेतल्यावाचून घासाघीस सुरू करू नये.

व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला उभा असलेला विक्रेताही तितकाच बेसावध असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने हस्तांतरणाची वर्दी राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यायची असते. प्रत्यक्षात कोऱ्या नमुना २९ व ३० वर सह्या करून किल्ल्या दलालाच्या हवाली करण्याची आपली रीत आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये जो निर्णय दिला, त्यात गाडी अपघातापूर्वीच विकली गेली होती आणि पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या मूळ मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले गेले. कोऱ्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने हा निर्णय ध्यानी ठेवावा. दलालांना नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचना काढली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे, ताब्यात आलेल्या गाडीची वर्दी द्यावी आणि ती कुठे फिरवली याची नोंदवही ठेवावी, असे तिच्यात आहे. तेव्हा दलालाकडून घ्यायची तर हे अधिकारपत्र आधी मागावे.

एवढे कायदे असूनही उतारा मात्र नाही. बेल्जियमने हा प्रश्न फार सोपा करून टाकला आहे. तिथे २००६ पासून गाडीची दुरुस्ती वा तपासणी करणाऱ्या व्यावसायिकाने मीटरवरचा आकडा एका मध्यवर्ती संस्थेकडे कळवायचा आणि जुनी गाडी विकणाऱ्याने त्या आकड्यांचा दाखला घेणाऱ्याच्या हाती द्यायचा, असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतले आकडे व उणिवा कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे त्यासाठी नवे खाते उघडण्याचीही गरज नाही. धूरतपासणी केंद्रात गाडीच्या पाटीचे छायाचित्र आजही घ्यावेच लागते, त्याबरोबर मीटरचे एक छायाचित्र घेऊन ते ‘वाहन’ प्रणालीत चढवावे. विमा कंपन्यांनी अपघात आणि जलप्रलय यांचे दावे मालकाचे नाव गाळून त्याच ठिकाणी नोंदवावेत. आणि नावावर करण्याच्या अर्जाबरोबर हा उतारा जोडणे सक्तीचे करावे. खासगीपणाचा आक्षेप कोणी घेईल, तर जमिनीच्या सातबाऱ्यावर मालकाचे नावही दिसते आणि त्याने कोणाचे नुकसान झालेले नाही, एवढेच उत्तर पुरेसे आहे. आजवर फिरवलेले मीटर या उपायाने पूर्ववत होणार नाहीत हे खरे, परंतु पाच वर्षांनंतर जुनी गाडी घेणाऱ्याला आजच्यासारखे अंधारात चाचपडावे लागणार नाही. आणि या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ, लबाड प्रतिस्पर्ध्याच्या स्वस्ताईपुढे हतबल झालेल्या प्रामाणिक दलालालाच होईल.

तोवर ग्राहकाने आपला उतारा आपणच तयार करावा. सकाळी इंजिन थंड असताना जाऊन गाडी सुरू करावी, निळसर धूर निघत असेल तर ती तेल जाळते असे समजावे; सोलापूरच्या उन्हात वातानुकूलन लावून भर दुपारी शहरातून फिरवावी आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे; टायरच्या कडेवरचे चार अंक वाचून त्याचा आठवडा व वर्ष ताडावे; ओळखीच्या मिस्त्रीला त्याचा मेहनताना देऊन बरोबर न्यावे. आणि विसारपावतीत मीटरचा आजचा आकडा, अपघात वा पूर यांविषयीचे विक्रेत्याचे कथन, कर्जाची स्थिती आणि कोणत्या तारखेपर्यंतची चलाने त्याच्या माथी, हे सर्व त्याच्या सहीने लिहून घ्यावे. तोंडाने दिलेली हमी जो कागदावर उतरवण्यास कचरतो, त्याच्या गाडीचा अधिक तपास करण्याचे प्रयोजन उरत नाही. विसाराची रक्कम खिशात ठेवून दुसरी गाडी पाहायला निघावे.